चाळकेवाडीची पवनचक्की आणि महिनाअखेरचा पुट

माझा मुलगा हरित गुंतवणूक करतो, असं तो म्हणतो. माझी बहीण म्हणते, तो फक्त ऑप्शन खेळतो. दोघांचं बोलणं मी इतके दिवस ऐकतोय की आता दोघांच्या बाजू मला पाठ आहेत, आणि कोणाची खरी हे ठरवताना मधेच माझी गडबड होते.

निखिल पुण्यात नोकरी करतो. सुमनअक्का महावितरणच्या बिलिंग विभागातून निवृत्त झाली, साताऱ्यात राहते. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा ती नोकरीत होती. त्या पठारावर सुझलॉनचं नाव तिने पहिल्यांदा वाचलं आणि २००७ च्या तेजीत त्या कंपनीचे शेअर घेतले. ते आजही तिच्या डीमॅटमध्ये आहेत. तेव्हा अक्का बाजारातली अडाणी आहे असं समजून कोणी वाचू नये. निखिलने ती चूक सुरुवातीला केली होती.

निखिलची पद्धत अशी. त्याच्याकडे टाटा पॉवरचा एक लॉट आहे, १४५० शेअर. त्यावर तो कधी वरचा कॉल (ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) विकतो, कधी खालचा पुट (ठरल्या भावाने विकण्याचा हक्क) घेतो. शिवाय आणखी शेअर स्वस्तात मिळावेत म्हणून वेगळे पुट विकतो. एनएचपीसी, इरेडा, अदानी ग्रीन यांच्या ऑप्शन चेनवरही त्याची नजर असते. कोळशाच्या आणि तेलाच्या कंपन्यांना हात लावत नाही. या सगळ्याला तो ‘माझा ग्रीन पोर्टफोलिओ’ म्हणतो, आणि अक्काचं डोकं नेमकं तिथे फिरतं.

अक्का: तू कॉल घेतलास, प्रीमियम भरलास. ते पैसे कोणाला गेले?

निखिल: ज्याने कॉल विकला त्याला.

अक्का: कंपनीला किती गेले?

निखिल: कंपनीला काहीच जात नाही, आत्या. हे मला माहीत नाही का?

अक्का: लाभांश मिळतो?

निखिल: ऑप्शनवर नाही मिळत.

अक्का: मत देता येतं?

निखिल: नाही.

अक्का: मग दोन माणसांनी आपापसात भावावर करार केला. त्यातला एक जिंकला, एक हरला. पवनचक्कीचं पातं यात कुठे फिरलं?

असा प्रश्न विचारून अक्का साधारणपणे जिंकते. पण निखिलकडे याचं उत्तर आहे, आणि ते पळवाटेचं नाही.

निखिल: तू २००७ मध्ये सुझलॉन घेतलास, तो कंपनीकडून घेतलास का? बाजारातून घेतलास. कोणीतरी विकला, तू घेतलास. तुझाही रुपया कंपनीला गेला नाही. म्हणजे कंपनीला पैसे मिळणं हीच कसोटी असेल, तर तूही नापास.

अक्का: मी निदान मालक झाले.

निखिल: हो, आणि मालक झाल्याचा कंपनीला उपयोग काय, तेही सांगतो. भाव टिकतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुझलॉनने मोठ्या संस्थांना शेअर विकून दोन हजार कोटी उभे केले, भाव १७ रुपये ५५ पैसे. साधारण ११४ कोटी शेअर द्यावे लागले. त्याच्या तीन वर्षं आधी, मार्च २०२० मध्ये, भाव दोन रुपयांच्या आसपास होता. त्या भावात तेवढेच पैसे उभे करायला हजार कोटी शेअर काढावे लागले असते. कंपनी जवळजवळ दुसऱ्याच्या नावावर गेली असती. बाजारात रोज भाव ठरतो त्याचा असा उपयोग आहे. आणि तो भाव ठरवण्यात ऑप्शनवालेही असतात. मी कॉल घेतला की विकणारा मोकळा बसत नाही, आपली जोखीम झाकायला तो मूळ शेअर थोडा थोडा विकत घेतो.

अक्का: आणि एक्स्पायरीला, करार संपतो तेव्हा?

निखिल: (थोडं थांबून) विकतो.

अक्का: मग महिन्याच्या शेवटच्या मंगळवारपर्यंतच तुझा आधार.

मला इथे निखिलची बाजू थोडी जड वाटते. दुय्यम बाजारातला माणूस कंपनीच्या काही कामाचा नाही, हे म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. त्याचा उपयोग आडवळणाने होतो इतकंच. ऑप्शनवाला त्या आडवळणाच्याही पलीकडे उभा असतो. तो निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याने छातीवर हिरवा बिल्ला लावावा इतकाही तो जवळ नाही.

मग दोघं सुझलॉनवर आली. येणारच होती.

निखिल: जानेवारी २००८ मध्ये साडेचारशेच्या आसपास गेलेला शेअर तू दोन रुपयांपर्यंत घरंगळू दिलास. मधे काय काय झालं? अमेरिकेत पात्यांना तडे गेले, जर्मनीतली रीपॉवर घेताना डोक्यावर कर्ज घेतलं, २०१२ मध्ये परदेशी रोखे फेडता आले नाहीत. कंपनी हरित होती, माणसं मेहनती होती, तरी शेअर नव्व्याण्णव टक्के गेला. हातात पुट असता तर?

अक्का: कोणत्या महिन्याचा?

हा अक्काचा खरा मुद्दा. ती त्या दिवशी आकडेमोड करूनच आली होती. टाटा पॉवर ४०० रुपये धरला, तर १४५० चा लॉट ५ लाख ८० हजारांचा. खाली ३८० चा पुट महिन्याला सहा रुपयांत मिळाला, तर एका महिन्याचे ८७०० रुपये. बारा महिने घेतला तर १ लाख ४ हजार ४००. म्हणजे मूळ रकमेच्या अठरा टक्के.

अक्का: शेअर वर्षात अठरा टक्के चढला तर तू जिथल्या तिथे. न चढला तर एक लाख गेले. आणि हा तुमचा शहाणा शेअर. सुझलॉनसारख्या वेड्या शेअरचा पुट याहून महाग. पवनचक्की वीस-पंचवीस वर्षं चालते. सौरप्रकल्पाचा वीजखरेदी करार पंचवीस वर्षांचा. तुझा करार किती दिवसांचा?

निखिल: आपल्याकडे शेअरवर तीनच महिन्यांचे करार असतात, आणि गिऱ्हाईक चालू महिन्यालाच. अमेरिकेत दोन-अडीच वर्षं पुढचे मिळतात. तिथे फर्स्ट सोलरचा लांबचा कॉल घेऊन निवांत बसता येतं.

अक्का: तू साताऱ्याचा आहेस.

निखिल: बरं. पण मी बारा महिने पुट घेतच नाही. निकालाच्या आधी घेतो, अर्थसंकल्पाच्या आधी घेतो. २१ नोव्हेंबर २०२४ आठव. अमेरिकेतल्या आरोपपत्राची बातमी आली आणि अदानी ग्रीन एका दिवसात जवळजवळ एकोणीस टक्के पडला. अशा दिवशी स्टॉपलॉस लावून काही होत नाही, भाव उघडतोच खाली. तिथे पुटच कामाचा.

अक्का: अदानी ग्रीनवर ऑप्शन कधी सुरू झाले?

निखिल: (हसून) २९ नोव्हेंबरला.

मीही हसलो. पण तत्त्व म्हणून पाहिलं तर निखिल बरोबर आहे. ज्याच्याकडे शेअर आहेत, ज्याला ते पाच-दहा वर्षं ठेवायचे आहेत आणि मधल्या एखाद्या वादळात मुलीच्या फीसाठी विकावे लागतील अशी भीती आहे, त्याने ठरावीक वेळी पुट घेणं यात वाईट काही नाही. पुट हाताशी असतो म्हणून तो शेअर धरून बसतो. माझी हरकत फक्त निखिलच्या हिशेबाला आहे. त्याच्या वहीत पुट घेतल्याच्या नोंदी थोड्या आणि विकल्याच्या फार.

विकण्याचं गणित तो मोठ्या चवीने सांगतो.

निखिल: मला टाटा पॉवर आणखी हवाच आहे, पण ४०० ला नको, ३८० ला चालेल. म्हणून मी ३८० चा पुट विकतो. सहा रुपये प्रीमियम, ८७०० हातात. भाव ३८० च्या वर राहिला तर ते पैसे माझे. खाली गेला तर मला ३८० ने घ्यावेच लागतात, प्रत्यक्ष डिलिव्हरी. २०१९ पासून शेअरच्या ऑप्शनमध्ये सगळी डिलिव्हरीच आहे, नुसता फरक देऊन सुटता येत नाही. मी ५ लाख ५१ हजार बाजूला ठेवलेले असतात. यात जुगार कुठे आहे? थांबण्याचे पैसे मिळतात.

अक्का: आणि भाव ३०० झाला तर?

निखिल: तरी ३८० ने घेईन. मला शेअर हवाच होता.

अक्का: बातमी चांगली आली तर तुझ्या हातात ८७००. कंपनी दुप्पट झाली तरी ८७००. बातमी वाईट आली तर पूर्ण लॉट तुझ्या गळ्यात, आणि त्याच दिवशी एक लाखाच्या वर तोटा. कंपनीवर विश्वास आहे म्हणतोस, मग तिच्या चांगल्या दिवसात तुझा वाटा इतका बारीक का? आणि वरचा कॉल विकतोस तेव्हा तर उरलेली वाढही विकून टाकतोस.

याला निखिलने उत्तर दिलं, पण ते पैशाचं होतं: दरमहा दीड टक्का, वर्षाला इतके. हरितपणाचं उत्तर त्यात नव्हतं. ते नसायला हरकत नाही. कमाई म्हणून कोणी करत असेल तर खुशाल करावी. पण तसं म्हणावं.

यानंतर अक्काने पिशवीतून कागद काढला. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचा १५ एप्रिल २०२५ चा जेनसोल इंजिनिअरिंगवरचा अंतरिम आदेश, तिने छापून आणलेला, त्यावर पेन्सिलच्या खुणा. जेनसोल म्हणजे सौरऊर्जेची आणि विजेच्या गाड्यांची कंपनी. इरेडा आणि पीएफसी या दोन सरकारी संस्थांकडून तिने ९७७ कोटी ७५ लाखांचं कर्ज घेतलं होतं. त्यातून ६४०० गाड्या घ्यायच्या होत्या, घेतल्या ४७०४. काही पैसा कुठल्या कुठे फिरून गुरुग्रामच्या एका आलिशान फ्लॅटपर्यंत पोचल्याचं आदेशात म्हटलंय. पण अक्काची पेन्सिल तिथे थांबली नव्हती. तिने खूण केली होती ती चाकणच्या परिच्छेदाला.

राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी ९ एप्रिलला चाकणच्या कारखान्यात गेला. गाड्या बनताना दिसल्या नाहीत. दोन-तीन मजूर होते. त्याने विजेची बिलं मागितली. मागच्या बारा महिन्यांतलं महावितरणचं सर्वांत मोठं बिल डिसेंबर २०२४ चं, १ लाख ५७ हजार ३७ रुपये.

अक्का: औद्योगिक दर, मागणी आकार वगैरे सगळं धरून दहा रुपये युनिट समज. पंधरा-सोळा हजार युनिटं. तेही सगळ्यात मोठ्या महिन्यात. मी आयुष्यभर हीच बिलं तपासली, निखिल. एवढ्यात एखादी मोठी बेकरी चालेल. वेल्डिंगची लाइन, पेंटशॉपच्या भट्ट्या, काँप्रेसर, हे एवढ्यात नाही चालत. हे बिल आमच्या ऑफिसातल्या कारकुनाने पाहिलं असतं तर त्याने सांगितलं असतं की इथे मोटार बनत नाही. २०२४ मध्ये या शेअरचा भाव हजाराच्या वर होता. तुमच्या ऑप्शन चेनमध्ये या बिलाचा रकाना आहे का?

निखिल: जेनसोलवर ऑप्शनच नव्हते.

अक्का: तेच म्हणते मी.

निखिल: नाही, तू उलट म्हणतेस. नव्हते म्हणून हे इतके दिवस चाललं. समज, जेनसोलवर पुट मिळत असता. ज्याला संशय आला तो पुट घेणार. घेणारे वाढले की पुटचा प्रीमियम फुगणार. तो फुगलेला प्रीमियम माझ्यासारख्याला दिसणार, आणि मी विचारणार की या कंपनीचा पुट एवढा महाग का? वाईट बोलणाऱ्याला पैसे लावायची जागा मिळाली की बाजार लवकर शहाणा होतो. इथे फक्त चांगलं बोलणाऱ्यालाच जागा होती. मग भाव कोसळला तेव्हा रोज खालचं सर्किट. विकायलाही मिळेना. एफ अँड ओच्या, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या, यादीतल्या शेअरला असं ठरावीक सर्किट नसतं, निदान बाहेर पडता येतं.

अक्का गप्प झाली. मला विचाराल तर निखिल त्या दिवशी बोलला त्यातलं हे सगळ्यात वजनदार. हरित म्हटलं की टाळ्या वाजवणारे भरपूर, शंका काढणारा खलनायक. शंकेला भाव देणारी जागा असणं हे पर्यावरणाच्या फायद्याचंच आहे, कारण खोट्या हरित कंपनीत गेलेला पैसा खऱ्या कंपनीला मिळत नाही. फक्त एक अडचण राहते. ऑप्शन कोणत्या शेअरवर सुरू करायचे याचे सेबीचे निकष उलाढालीचे आणि आकाराचे आहेत. कर्ज देणारी इरेडा त्या यादीत बसते, कर्ज घेणारी जेनसोल बसत नाही. म्हणजे जिथे चाकणला जाऊन बिल पाहायची गरज आहे, तिथे पुट मिळत नाही. जिथे मिळतो, तिथल्या कंपन्यांवर आधीच डझनभर विश्लेषक बसलेले असतात.

पुढे हरित कशाला म्हणायचं, यावर थोडं झालं. अक्काने खोपोली काढली. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, आणि मुंद्र्याचा सुमारे चार हजार मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्पही त्याच टाटा पॉवरचा. ‘पुट विकलास तेव्हा खोपोलीचा वेगळा आणि मुंद्र्याचा वेगळा विकलास का?’ निखिल म्हणाला, कोळशाकडून उन्हाकडे वळणाऱ्या कंपनीलाच तर पैसा हवा, आधीपासून स्वच्छ असणाऱ्याला काय घाई? हे मला पटलं, पण ते शेअर धरून ठेवणाऱ्याच्या तोंडी शोभतं.

कारण वळण्यासाठी मत लागतं. २०२१ मध्ये एक्झॉनमोबिलच्या सभेत इंजिन नंबर वन नावाच्या लहानशा फंडाने आपले तीन संचालक निवडून आणले. त्याच्याकडे कंपनीचे शेअर होते जेमतेम ०.०२ टक्के. बाकीची मतं त्याने मोठ्या फंडांना पटवून मिळवली. त्याच कंपनीचे ढीगभर कॉल घेऊन बसलेल्याला त्या सभेत एकही मत नव्हतं.

निखिल: ते अमेरिकेत. इथे टाटा पॉवरचे जवळजवळ निम्मे शेअर टाटा सन्सकडे. माझ्या १४५० मतांनी काय होणार?

अक्का: तुझ्या ईमेलमध्ये ई-व्होटिंगची पत्रं येतात. किती उघडलीस?

निखिल: ...

अक्का: बरं, राहू दे.

ऑप्शनवाले किती हरतात याच्या सेबीच्या पाहणीवर ती दोघं फार रेंगाळली नाहीत, दोघांनाही आकडे पाठ आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. एकट्या २०२३-२४ मध्ये दलालांच्या स्वतःच्या खात्यांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी २८ हजार कोटी कमावले, त्यातले बहुतेक यंत्रांच्या आज्ञावलींनी. निखिल म्हणतो, तो बहुतेक तोटा निर्देशांकाच्या आठवडी ऑप्शनमधला, पैसे बाजूला ठेवून पुट विकणाऱ्यांचा नाही. ते खरं असेल. अक्का म्हणते, दोन लाखांच्या आसपास छतावर तीन किलोवॉटचा सौरसंच बसतो, आणि पीएम सूर्यघर योजनेतून त्यावर ७८ हजार परत मिळतात. निखिल पुण्यात भाड्याने चौथ्या मजल्यावर राहतो. वर छत आहे, त्याचं नाही.

निखिल: मग तूच सांग, थेट पैसा कुठे घालू?

अक्का: इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले होते, साध्या माणसालाही घेता येत होते. खरगोन जिल्ह्यात सौरप्रकल्प, त्याच्या विजेवर नर्मदेचं पाणी शहरात खेचायचं. व्याज सव्वाआठ टक्के. आता पिंपरी-चिंचवडनेही २०० कोटींचे काढलेत. पैसा कुठे जातो ते निदान कागदावर लिहिलेलं असतं.

निखिल: आणि मधेच विकायचा म्हटला तर गिऱ्हाईक कोण? खरेदी-विक्रीच्या मंचावर एकट्यानेच बसायचं. आणि महापालिकेने लिहिलं तसं केलं का, हे बघायला तू खरगोनला जाणार?

अक्का: चाकणला तरी आधी कोण गेलं होतं?

निखिल: आत्या, एक विचारू? तुझी निवृत्तीची रक्कम एफडीत आहे ना? ती बँक कोळशाच्या वीजकेंद्राला कर्ज देते की नाही, हे तू कधी विचारलंस? माझा पुट कोणाला मदत करत नाही, मान्य. तुझी एफडी कदाचित धुराला मदत करत असेल.

अक्काने चष्मा काढून पुसला. ती आता खरोखरच अडकली होती, आणि निखिलला ते दिसत होतं.

अक्का: सोमवारी शाखेत जाते. विचारते. लेखी मागते.

निखिल: देतील?

अक्का: मी बत्तीस वर्षं लोकांना लेखी उत्तरं दिली आहेत. कशी काढायची ते मला माहीत आहे. तू सोमवारी काय करणार?

निखिल: सोमवारी नाही जमणार. मंगळवारी एक्स्पायरी आहे. ३८० चा पुट विकलेला आहे आणि शेअर ३८३ वर आलाय.